शिवणकाम शिकायला चार वर्षे कशाला?

सिन्नर, प्रतिनिधी

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत सिन्नरसारख्या गावातील घरांतून जी चर्चा चालते, तिचे रस्ते ठरलेले असतात. इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंग, नाहीतर पदवी. आणि यापैकी काहीच जमले नाही तर माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी. या चर्चेत एखाद्या मुलीने फॅशन डिझाइनचे नाव काढले, की घर क्षणभर गप्प होते. मग कोणीतरी, बहुधा आईच, विचारते : ‘अगं, शिवणकाम तर गल्लीतल्या क्लासातही सहा महिन्यांत येतं. त्याला चार वर्षं आणि एवढा पैसा कशाला?’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो विचारणाऱ्या आईच्या घरात बहुधा शिलाई मशीन असते. तिने स्वतः ब्लाऊज शिवलेले असतात, शेजारणींच्या साड्यांना पिको-फॉल करून घरखर्चाला हातभार लावलेला असतो. शिवणकामाचे मोल तिला पुरते ठाऊक असते आणि त्याचा मोबदला किती तुटपुंजा मिळतो, हेही. म्हणून या प्रश्नाला चकचकीत माहितीपत्रकातील उत्तर पुरणार नाही. फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्याचा दिवस कशात जातो, शिवण, वेशभूषा आणि ज्याला ‘प्रेरणा’ म्हणतात ती गोष्ट यांचा एकमेकांशी संबंध काय, हे नीट उलगडून पाहिले तरच त्याचे उत्तर मिळू शकते.

सपाट कापड, गोल देह

शिवणकलेचा सारा झगडा एका साध्या गोष्टीतून सुरू होतो. कापड सपाट असते आणि माणसाचा देह कोठेच सपाट नसतो. आपल्याकडे हा प्रश्न शतकानुशतके कापड न कापताच सोडवला गेला. साडी, धोतर, उपरणे, पागोटे ही सारी वस्त्रे गाठ, घडी आणि खोच यांच्या बळावर अंगावर बसतात. कात्री लावायची म्हटली, की मात्र भूमिती आडवी येते. छातीच्या उंचीवर कापड ताणले जाते आणि कमरेपाशी तेच सैल पडते. हे जास्तीचे कापड चिमटीत धरून आत शिवून टाकणे म्हणजे ‘टक’ घालणे. तो टक कोठून निघावा, किती खोल असावा, कोठे संपावा यावर सारे बेतणे अवलंबून असते. बाही आणि अंग जेथे जुळतात तो मुंढा अर्ध्या सेंटिमीटरने चुकला, तर हात वर केल्यावर सबंध ब्लाऊज वर चढतो. ज्या स्त्रीने बसच्या गर्दीत दांडी धरून प्रवास केला आहे, तिला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शिवणक्लासात हे सूत्राने शिकवतात. छातीच्या मापाचा इतका भाग येथे, तितका तेथे. कागदावर आखा, कापा, टीप मारा. सूत्र पाठ झाले की ब्लाऊज येतो, पुढे पंजाबी ड्रेस येतो. हे शिक्षण कमी प्रतीचे मुळीच नाही, कारण हजारो घरे त्यावर चालली आहेत. फरक एवढाच, की सूत्र मोडावे लागेल अशी वेळ आली, म्हणजे पाठ वाकलेली व्यक्ती, गरोदर स्त्री किंवा रंगमंचावर कोलांटी मारणारा नट समोर उभा राहिला, तर सूत्र गप्प बसते. डिझाइनच्या शिक्षणात पहिली दोन वर्षे प्रामुख्याने ते सूत्र कोठून आले हे समजून घेण्यात जातात. विद्यार्थी मांजरपाटाचे स्वस्त कापड घेऊन थेट पुतळ्यावर टाचण्यांनी बसवतो, कापतो, उसवतो आणि पुन्हा बसवतो. कापडाचा उभा धागा, आडवा धागा आणि तिरपा म्हणजे उरेब यांचे स्वभाव हाताला कळावे लागतात. उभ्या धाग्यावर कापलेला घागरा सरळ पडतो, तर तेच कापड उरेब कापले की अंगाला बिलगत खाली झुळझुळते. पुस्तकातून हे वाचता येते. समजते मात्र दहा वेळा कापड वाया गेल्यावरच.

येथे सिन्नरकरांना एक ओळखीची गोष्ट आठवेल. या गावाची एक जुनी ओळख विड्यांची आहे. येथील कित्येक घरांत बायकांनी वर्षानुवर्षे विड्या वळल्या. तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, जाड शिरा चुकवायच्या, एका पानातून जास्तीत जास्त तुकडे निघतील असे बेतायचे आणि कात्री चालवायची. कपड्यांच्या कारखान्यातील ‘पॅटर्न’ आणि ‘मार्कर’ म्हणजे तत्त्वतः हेच. कागदी नमुने कापडाच्या ताग्यावर असे मांडायचे, की चिंध्या कमीत कमी उराव्यात, कारण तयार कपड्याच्या खर्चात मोठा वाटा कापडाचाच असतो. महाविद्यालयात या विषयाचे इंग्रजी नाव ऐकून दबकणाऱ्या मुलीच्या आजीने तो विषय सुपात पाने घेऊन ओसरीवर केलेला असू शकतो.

कोल्हापूरची भानू

आता या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या मराठी नावाकडे वळू. भानू अथैय्या यांचा जन्म १९२९ साली कोल्हापुरात, राजोपाध्ये घराण्यात झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि भानूताई लहान असतानाच ते गेले. कोल्हापूर त्या काळी चित्रकारांचे आणि चित्रपटांचे गाव होते. तेथून ही मुलगी मुंबईला आली आणि सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकली. पुढे १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. हुसेन, रझा, सूझा, गायतोंडे ही नावे ज्या गटाशी जोडली गेली आहेत, त्यात ही एकटी स्त्री होती.

चित्रांवर पोट भरेना, म्हणून त्यांनी स्त्रियांच्या इंग्रजी नियतकालिकांसाठी कपड्यांची रेखाटने काढण्यास सुरुवात केली. ‘ईव्हज वीकली’च्या संपादिकेने कपड्यांचे दुकान थाटले, तेव्हा रेखाटनाऐवजी प्रत्यक्ष कपडे घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले. कागदावरची रेषा कापडावर उतरवताना काय होते, हे त्यांनी तेथे अनुभवले. अभिनेत्री दुकानात येऊ लागल्या आणि त्यांच्यामागून चित्रपट आले. गुरुदत्त यांच्या गोटात १९५६ च्या ‘सीआयडी’पासून त्यांचे नाव रुजले. ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’, ‘वक्त’, ‘आम्रपाली’ असे करत त्यांनी शंभरावर चित्रपटांची वेशभूषा केली. ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एवढा तपशील बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचलेला असतो. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते त्यांचे काम. ‘ब्रह्मचारी’ या १९६८ च्या चित्रपटात मुमताजने नेसलेली नारिंगी साडी आठवून पाहा. ती साडी नेसून जलद नाच करायचा, तर निऱ्या सुटणार, पदर सरकणार. अथैय्यांनी ती आधीच शिवून, झिप लावून घेतली. प्रेक्षकाला साडीच दिसली. आतली शिवण दिसली नाही, आणि दिसू नये असाच बेत होता. पुढे तशी साडी नेसण्याची लाट आली. ‘वक्त’मधील साधनाचा अंगाबरोबरचा कुर्ता आणि चुडीदार यांनीही त्या काळच्या महाविद्यालयीन मुलींची कपाटे बदलून टाकली. या दोन्ही गोष्टींत आधी होती ती शिवणाची अडचण. शैली तिच्या उत्तरातून जन्माला आली. फॅशनच्या इतिहासात हा क्रम वारंवार दिसतो आणि तरीही शैली हवेतून येते, असा समज टिकून आहे.

वेशभूषा म्हणजे सजावट नव्हे

फॅशन आणि वेशभूषा हे शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींना सुई-दोरा तोच लागतो, परंतु धनी वेगळा असतो. फॅशनमध्ये कपडा घालणाऱ्याला शोभला पाहिजे. वेशभूषेत तो पात्राला शोभला पाहिजे, मग नटाला तो शोभो अथवा न शोभो.

‘गांधी’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. विलायतेत शिकलेला, सुटाबुटातील वकील. १९१५ मध्ये भारतात परतलेला, काठेवाडी पोशाखातील गांधी. आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारलेले गांधी. या माणसाचे चरित्र त्याच्या अंगावरील कापडाच्या वाढत्या-घटत्या मापातून सांगता येते. पडद्यावर तीन तासांत हा प्रवास दाखवायचा, तर प्रत्येक टप्प्याचे कापड, त्याचा पोत, सुताची जाडी, मळकटपणा हे सारे बोलले पाहिजे. शिवाय पंचा नेसलेल्या एका नायकाभोवती काँग्रेसचे पुढारी, संस्थानिक, आश्रमातील स्त्रिया, खेडुत आणि अफाट जनसमुदाय असतो. त्या गर्दीतील एकाच्या अंगावर जरी चुकीच्या काळातील सदरा दिसला, तरी सगळे खोटे पडते.

म्हणून वेशभूषेच्या विद्यार्थ्याचा बराच वेळ सुंदर कपडे बिघडवण्यात जातो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. नवा कोरा सदरा शेतकऱ्याच्या अंगावर चालत नाही. तो चहाच्या पाण्यात बुडवायचा, कोपरापाशी काचपेपरने घासायचा, गळ्याशी घामाचा पिवळा डाग उतरवायचा, खिसा ओढून सैल करायचा. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने तोच सदरा कमी-अधिक मळलेल्या तीन-चार प्रतींत तयार ठेवावा लागतो. कोणत्या प्रसंगात वरचे बटण उघडे होते, पदर कोणत्या खांद्यावर होता, याची नोंद ठेवणारी वही सांभाळणे हे नवख्या सहायकाचे पहिले काम. ते कंटाळवाणे असते आणि त्यातच तो तयार होतो.

या सगळ्यासाठी मुंबईच गाठायला हवी, असेही नाही. डिसेंबर उजाडला, की तालुक्यातील शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात आणि वेशभूषा भाड्याने देणाऱ्या दुकानांत झुंबड उडते. शिवाजी महाराज, वासुदेव, कोळीण, भारतमाता; सारे एकाच दोरीवर टांगलेले. (प्रस्तुत प्रतिनिधीने तिसरीत घातलेला मावळ्याचा अंगरखा पाठीमागे सेफ्टीपिनांनी आवळलेला होता आणि सबंध पोवाड्यात त्याने प्रेक्षकांकडे पाठ केली नाही. वेशभूषा अभिनयाची दिशा ठरवते, ती अशी.) या हंगामात सर्वाधिक मागणी असते ती शिवलेल्या नऊवारीला, आणि हा प्रकार शिवणशास्त्राच्या दृष्टीने जवळून पाहण्याजोगा आहे.

नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. पारंपरिक पद्धतीत कमरेला गाठ मारून, निऱ्या घालून, मधला भाग पायांमधून मागे नेऊन काष्टा खोचतात. एकही टाका नसतो, पण नेसायला सराव लागतो आणि तो आता फार थोड्या घरांत उरला आहे. शिवलेल्या नऊवारीत शिंपी या वस्त्राचा उलट दिशेने विचार करतो. दोन पाय विजारीसारखे, पुढे घडी घालून टाचलेल्या निऱ्या, मागे कायमचा शिवलेला काष्टा, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. सांगायला सोपे आहे. खरी परीक्षा काठाची असते. साडीचा काठ पोटरीवरून वळत काष्ट्यापर्यंत अखंड गेल्यासारखा दिसला पाहिजे, म्हणजे कात्री कोठे लावायची हे काठच ठरवतो. लावणीच्या नाचात बैठक मारायची, गिरकी घ्यायची, तर आसनापाशी पुरेशी ढील हवी. तेथे कळी घातली नाही, तर शिवण नेमकी टाळ्यांच्या वेळी उसवते. ‘पेशवाई’, ‘ब्राह्मणी’, ‘शाही मस्तानी’ अशा बाजारातील नावांखाली या बेतण्याचे निरनिराळे प्रकार मिळतात. मुमताजच्या नारिंगी साडीमागचे तर्कशास्त्र तालुक्याच्या ठिकाणी बसलेली एखादी शिवणकाम करणारी बाई रोज वापरते. तिला कोणी ‘डिझायनर’ म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

हा फरक लहान नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही वेशभूषाकाराचे नाव येते. ते कपडे कापणाऱ्या मास्टरचे आणि रात्रभर टीप मारणाऱ्या कारागिरांचे नाव सहसा येत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंप्याचा समावेश झाला. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि कमी व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे. कारागीर म्हणून सरकारदरबारी नोंद झाली हे ठीकच. समाजाच्या बोलण्यातली पायरी मात्र योजनेने बदलत नाही. डिझाइन शिकणाऱ्या मुलीला घरून होणारा विरोध पुष्कळदा याच पायरीवरून असतो. ‘शेवटी शिंपीणच होणार ना?’ या वाक्यात खर्चाची काळजी थोडी आणि शिंपी या शब्दाविषयीचा अनादर अधिक असतो. डिझाइनच्या संस्थाही त्याला हातभार लावतात. कात्री-मशीनला हात न लावता केवळ रेखाटने काढून डिझायनर होता येईल, असे भासवणारे अभ्यासक्रम कमी नाहीत. चौकशी करताना पालकांनी पहिला प्रश्न यंत्रशाळेविषयी विचारावा : मशीन किती, किती विद्यार्थ्यांमागे एक, आणि त्यावर बसायला आठवड्यात किती तास मिळतात?

प्रेरणा कोठून आणायची?

डिझाइनच्या विद्यार्थ्याला प्रत्येक प्रकल्पाच्या आरंभी विचारले जाते : तुझी प्रेरणा कोणती? मग मोठ्या पुठ्ठ्यावर चित्रे, कापडाचे तुकडे, रंगांच्या पट्ट्या चिकटवून ‘मूड बोर्ड’ तयार होतो. गावातून शहरात गेलेली मुले येथे बहुधा गडबडतात. त्यांना वाटते, प्रेरणा पॅरिसची असावी लागते; मग इंटरनेटवरून उतरवलेली तीच ती छायाचित्रे साऱ्या वर्गाच्या पुठ्ठ्यांवर दिसू लागतात.

सिन्नरच्या विद्यार्थ्याला त्याची गरज पडू नये. गावातच यादवकालीन गोंदेश्वराचे मंदिर उभे आहे. मध्ये महादेवाचे मुख्य देवालय, चार कोपऱ्यांत चार लहान देवालये, समोर नंदीमंडप. ‘हेमाडपंती’ या सरसकट नावाने आपण त्याला ओळखतो. अभ्यासक त्याच्या शिखराला भूमिज शैलीतील म्हणतात. लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक, उभ्या ओळींत रचत नेऊन ते शिखर उंच होते. कापडाच्या भाषेत सांगायचे, तर ही आवृत्तीची, एकाच आकृतीच्या पुनरुक्तीची रचना आहे आणि ठशाच्या छपाईला किंवा भरतकामाला ती थेट उपयोगी पडते. खांबांवरील आणि भिंतींवरील मूर्तींकडे वस्त्रांच्या नजरेने पाहिले, तर दगडाची झीज होऊनही पुष्कळ काही सापडते. अशा मंदिरांतील मूर्तींच्या अंगावर दिसते ते बहुतांशी न शिवलेले, गुंडाळलेले वस्त्र. ते कमरेवर मेखलेने कसे धरले आहे, घडी कोठे पडते, हे रेखाटत बसणे म्हणजे कापडाच्या पडण्याचा अभ्यासच.

ही पद्धत नवी नाही. ‘आम्रपाली’ या १९६६ च्या चित्रपटासाठी अथैय्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. त्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची, ठिपक्यांची वस्त्रे आहेत, दागिन्यांचे असंख्य प्रकार आहेत. वैजयंतीमालाच्या अंगावर जे दिसले ते अजिंठ्यातील जसेच्या तसे नव्हते. पडद्यावरील नर्तिकेला वावरता येईल, कॅमेऱ्याला शोभेल आणि तत्कालीन सेन्सॉरलाही चालेल, असे त्याचे रूपांतर होते. नक्कल आणि प्रेरणा यांतील अंतर मोजायचे असेल, तर या रूपांतराकडे पाहावे.

मराठी रंगभूमीवर हा प्रवाह उलटाही वाहिला. बालगंधर्व रंगमंचावर स्त्रीभूमिका करीत, तेव्हा त्यांचे शालू, पैठण्या, पदर घेण्याची ढब आणि केसांतील फुले घराघरांतील स्त्रियांनी उचलली. पुरुष नटाने उभी केलेली स्त्री ही स्त्रियांच्या शैलीचा आदर्श ठरावी, ही घटना जगाच्या वेशभूषेच्या इतिहासातही सहज सापडणारी नाही. या अस्सलपणाच्या हौसेने गंधर्व नाटक मंडळीला कर्जातही लोटले, हे सोबत सांगायला हवे. अंदाजपत्रक हा वेशभूषेचा अप्रिय परंतु अटळ धडा आहे. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचेही असेच. लोणावळ्याजवळच्या रविवर्म्याच्या छापखान्यात त्यांनी काम केले होते. रविवर्म्याच्या चित्रांतील देव-देवता नेसत त्या वस्त्रांनी पौराणिक चित्रपटांचा पोशाख जवळजवळ ठरवून टाकला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामती म्हणजे साळुंके नावाचे गृहस्थ होते, हे सर्वश्रुत आहे.

प्रेरणेच्या याच वाटेवर एक खड्डाही आहे. आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, पैठणी विणली जाते. खरी पैठणी म्हणजे रेशमाच्या ताण्यावर जरीचा पदर, ज्यातील मोर, मुनिया, आसावली, कुयरी ही नक्षी विणकर बोटांनी रंगीत धागे गुंतवत उभी करतो. नक्षी उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. गुंतागुंतीच्या पदराला महिनोन्‌महिने लागतात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हाच मोर आज पॉलिस्टरवर छापून, यंत्रमागावर विणून कितीतरी स्वस्तात मिळतो. विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पासाठी पैठणीची प्रेरणा घेतली, म्हणजे नेमके काय केले? विणकराकडे जाऊन त्याच्याकडून नव्या रंगसंगतीत, नव्या मापात कापड विणून घेतले, की मोराचे छायाचित्र काढून छापखान्यात दिले? गुणपत्रिकेत दोन्हींना सारखे गुण पडू शकतात. येवल्याच्या मागावर दोन्हींचा परिणाम सारखा होत नाही.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही, हे जून २०२५ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेशी हुबेहूब जुळणारी पादत्राणे सादर केली आणि मूळ कोठले याचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक निर्देशांक आहे. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय परंपरेचे असल्याचे मान्य केले. प्राडावर आपण रागावलो, ते योग्यच. परंतु लग्नसराईत छापील मोराची ‘पैठणी’ घेताना, किंवा शाळेच्या संमेलनासाठी खरी जरीची साडी कापून तिची नऊवारी शिवताना, तो राग कोणाच्या लक्षात राहतो? पैठणीला कात्री लावू नये, हे साधे पथ्य जुने शिंपी आजही पाळतात. संमेलनासाठी ते यंत्रमागाची साडी आणायला सांगतात.

वाटा आणि हिशेब

राहता राहिला आईचा मूळ प्रश्न, चार वर्षांचा आणि पैशांचा.

सगळ्यांनाच चार वर्षे लागत नाहीत. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘ड्रेस मेकिंग’, ‘सुइंग टेक्नॉलॉजी’, ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ असे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. खर्च कमी, हात लवकर तयार. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमांत वस्त्ररचना आणि कपडेनिर्मितीचा समावेश आहे. चार वर्षांच्या पदवीसाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे ‘निफ्ट’, ही केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था. दिल्लीत १९८६ साली सुरू झालेल्या या संस्थेचे मुंबई केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तेथे प्रवेश परीक्षेतून मिळतो. लेखी परीक्षेनंतर हाती साहित्य देऊन वस्तू तयार करायला लावणारी एक चाचणी असते. कागद, तार, दोरा, कापडाचे तुकडे यांतून ठरावीक वेळात काहीतरी उभे करायचे. रांगोळी, आकाशकंदील, गणपतीची आरास करत वाढलेल्या मुलांनी या चाचणीला घाबरण्याचे कारण नाही. खासगी संस्थांचे शुल्क भरमसाट असू शकते आणि नावाजलेपणाशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

पुढची मिळकत? येथे पालकांना फसवू नये. पदवी घेतलेल्यांपैकी मोजकेच स्वतःच्या नावाचा कपडा विकतात आणि त्याहून मोजके चित्रपटांत जातात. बहुसंख्य मुले निर्यातदारांकडे, तयार कपड्यांच्या कंपन्यांत, नमुना-कक्षात, खरेदी आणि गुणवत्ता तपासणीत कामाला लागतात. तेथे रेखाटनापेक्षा मुंढ्याचे माप अधिक उपयोगी पडते. वेशभूषेत शिरणाऱ्यांची सुरुवात कमी मानधनाच्या सहायकीने होते आणि काम प्रकल्पागणिक मिळते. दोन प्रकल्पांच्या मधले महिने कोरडे जातात. ऑस्कर मिळवलेल्या अथैय्यांनाही आपल्या पुतळ्याच्या सुरक्षिततेची चिंता वाटली आणि २०१२ साली तो त्यांनी ऑस्कर अकादमीकडे परत सुपूर्द केला. त्यांच्या कपड्यांतील कितीतरी वस्त्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली असतील, ती जपण्याची सोय मात्र आपल्या चित्रपटसृष्टीने वेळीच केली नाही.

याच्या दुसऱ्या बाजूलाही एक हिशेब आहे. ज्या मुलीला सूत्रामागचे कारण कळले आहे, ती तालुक्याच्या गावी परत आली तरी तिचे काम पूर्वीचे राहत नाही. लग्नाच्या शिवलेल्या नऊवाऱ्या, अपंग व्यक्तींना सहज घालता येतील असे कपडे, औद्योगिक वसाहतीतील कामगारांचे गणवेश, नाट्यमंडळांची वेशभूषा, ही सारी कामे आजही होतात. ती अंदाजाने होतात, एवढेच. अंदाजाची जागा मापाने घेतली, की दरही वेगळा सांगता येतो. ‘शिंपीणच होणार ना?’ या प्रश्नाला त्या वेळी ‘हो’ असे उत्तर देणे तितके अवघड राहणार नाही.

‘निफ्ट’ची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात भरले जातात. शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगामही नेमका तोच. इच्छुक विद्यार्थिनीने डिसेंबरचे दोन-तीन आठवडे गावातील वेशभूषेच्या दुकानात किंवा नऊवारी शिवणाऱ्या बाईंच्या हाताखाली काढले, तर चाचणीचा सराव होईल, थोडे पैसे सुटतील, आणि आसनाची कळी कशी बेततात हे परीक्षेला बसण्याआधीच कळलेले असेल.